पाळण्यावरचा सूर आणि राहून गेलेली भेट

मैत्रिणींनो, बाळाच्या पाळण्यावर टांगायचं ते चावीचं खेळणं आठवतंय? चावी दिली की वरची चिमणी-ससे गोल फिरतात आणि टिंग टिंग करत एक सूर वाजू लागतो. आता ती खेळणी सेलवर चालतात, पण सूर बऱ्याचदा तोच असतो. माझ्या दोन्ही मुलांनी तो ऐकला, आणि हा सूर कुणाचा हा प्रश्न काही मला तेव्हा पडला नाही. तो योहानेस ब्राम्स नावाच्या जर्मन संगीतकाराचा आहे, हे मला फार उशिरा कळलं. गंमत म्हणजे जन्मभर ज्याने लग्न केलं नाही, ज्याच्या घरी पाळणा हलला नाही, त्याची अंगाई जगभरच्या आयांनी उचलली.

पण आज मला सांगायचंय ते त्याच्या अंगाईबद्दल कमी आणि त्याच्या वॉल्ट्झबद्दल जास्त. आणि वॉल्ट्झच्या निमित्ताने त्याच्या आईबद्दल.

ब्राम्सचा जन्म ७ मे १८३३ चा, जर्मनीतल्या हॅम्बर्ग या बंदराच्या गावातला. गल्लीबोळांची गरीब वस्ती, दाटीवाटीची घरं. वडील योहान याकोब खेडेगावातून संगीताच्या वेडापायी शहरात आलेले. डबल बास म्हणजे ते माणसाहून उंच तंतुवाद्य वाजवायचे, शिंगही वाजवायचे. कधी खानावळीत, कधी नाचाच्या कार्यक्रमात, कधी नगररक्षकांच्या बँडमध्ये. मिळेल तिथे. आई क्रिस्टियाने. तिचं शिक्षण बेताचं, एका पायाने जरा लंगडी, आणि हातात शिवणकामाची कला. तेराव्या वर्षापासून ती लोकांचे कपडे शिवत होती. पुढे बहिणीबरोबर दोरा-बटणांचं छोटंसं दुकानही चालवायची. योहान याकोब त्यांच्याकडे भाडेकरू म्हणून राहायला आला आणि काही दिवसांतच त्याने या बाईला मागणी घातली. तो चोवीस वर्षांचा, ती एक्केचाळीस! म्हणजे सतरा वर्षांनी मोठी. आपल्याकडे आजही असं लग्न झालं तर बायका चार दिवस दुसरं काही बोलणार नाहीत. हे लग्न झालं १८३० साली. तिलाही आधी ते खरं वाटेना म्हणे. तिने लग्नाची आशा केव्हाच सोडून दिली होती.

पाच वर्षांत तीन मुलं झाली. थोरली एलिझे, मग योहानेस, मग फ्रिट्झ. एलिझे कायम डोकेदुखीने बेजार. पैशांची ओढाताण तर पाचवीला पुजलेली. पण मुलाचा कान तयार आहे हे बापाने ओळखलं आणि सातव्या वर्षी त्याला ओटो कोसेल नावाच्या शिक्षकाकडे पियानोला घातलं. दहाव्या वर्षी कुणीतरी या मुलाला अमेरिकेच्या दौऱ्यावर न्यायचं म्हणालं. वडील हुरळले, पण शिक्षक आडवे आले. मुलाचा तमाशा होऊ देणार नाही, असा त्यांचा हट्ट. त्यांनीच मग त्याला आपल्याहून मोठे गुरू एडुआर्ट मार्क्सेन यांच्याकडे सोपवलं. ते शिकवण्याचे पैसे घेत नव्हते. असे शिक्षक भेटणं हे नशीबच. वयात येता येता योहानेस स्वतः कमवायला लागला. नाचाच्या ठिकाणी पियानो वाजवायचा, शिकवण्या करायचा. लोक नाचत आणि हा वाजवी. वॉल्ट्झ त्याच्या बोटांत असा लहानपणीच शिरला.

वॉल्ट्झ म्हणजे काय ते इथेच सांगून टाकते. तीन मात्रांचा नाच. पहिल्या मात्रेवर जोर, पुढच्या दोन हलक्या. आपला दादरा सहा मात्रांचा, तीन-तीनचा. त्याच्या अंगाने विचार केला तर लवकर कळतं. ऑस्ट्रियातल्या खेड्यांत शेतकरी लेंडलर नावाचा नाच नाचायचे, त्याच्या जवळचाच हा प्रकार. शहरात आला, वेग वाढला, आणि स्त्री-पुरुष एकमेकांना धरून गोल गोल फिरतात म्हणून सुरुवातीला त्याला नावंही ठेवली गेली. पुढे तोच व्हिएन्ना शहराचा प्राण झाला.

१८५३ साली वीस वर्षांचा ब्राम्स एका व्हायोलिनवाल्याबरोबर दौऱ्यावर निघाला. हिंडत हिंडत सप्टेंबरच्या अखेरीस ड्युसेलडॉर्फला रॉबर्ट शूमान या नावाजलेल्या संगीतकाराच्या दारात पोचला. शूमानने त्याचं वाजवणं ऐकलं आणि बायकोलाही ऐकायला बोलावलं. बायको म्हणजे क्लारा. ती काही नुसती शूमानची बायको नव्हती हं! युरोपभर गाजलेली पियानोवादक होती. वय चौतीस, घरात सहा मुलं. सातव्याची चाहूल लागायची होती. शूमानने महिन्याभरात एका नियतकालिकात या पोराबद्दल लेख लिहिला आणि तो एका रात्रीत चर्चेत आला.

आणि पाचच महिन्यांत त्या घरावर आभाळ कोसळलं. रॉबर्टचं मानसिक आजारपण विकोपाला गेलं. फेब्रुवारी १८५४ मध्ये त्याने ऱ्हाईन नदीत उडी घेतली. कोळ्यांनी वाचवलं, पण मग त्याला बॉनजवळच्या एंडेनिख इथल्या रुग्णालयात ठेवावं लागलं. क्लारा गरोदर. डॉक्टरांनी तिला नवऱ्याला भेटूच दिलं नाही, अगदी शेवटचे दोन-तीन दिवस सोडले तर. म्हणजे जवळजवळ अडीच वर्षं! घर चालवायला तिला कार्यक्रम करत गावोगाव फिरावं लागलं. तेव्हा ते घर सांभाळलं ब्राम्सने. मुलांना खेळवलं, अभ्यास घेतला, घरखर्चाची वही लिहिली. किती आणलं, कुठे गेलं, सगळं. एकवीस-बावीस वर्षांचा मुलगा! आपल्याकडची किती मुलं या वयात घरखर्चाची वही हातात धरतील, सांगा बरं.

तो क्लाराच्या प्रेमात पडला, हे सगळं जग जाणतं. १८५६ च्या जुलैत रॉबर्ट गेला. आता दोघं लग्न करतील असं कुणालाही वाटलं असतं. त्यांनी केलं नाही. का, याच्यावर ढीगभर पुस्तकं लिहून झाली आहेत. मला त्या चर्चेत फारसा रस नाही. सात मुलांची आई, स्वतःच्या कमाईवर उभी राहिलेली बाई, आणि पायावर अजून उभं राहायचं असलेला चौदा वर्षांनी लहान मुलगा. बाईने काय काय हिशेब मांडले असतील ते बाईलाच कळावेत. मैत्री मात्र त्यांनी शेवटपर्यंत, चाळीस वर्षांहून जास्त टिकवली. भांडणं झाली, अबोले झाले, पुन्हा पत्रं सुरू झाली. काहीही नवं लिहिलं की तो तिला पाठवायचा, आणि तीही न आवडलेलं न आवडलं म्हणून स्पष्ट कळवायची.

मधल्या काळात हॅम्बर्गमध्ये त्याने बायकांचं एक गायनवृंद चालवलं, १८५९ पासून. चाळीसेक बायका-मुली. नियमावली त्याने मोठ्या गमतीने लिहिली होती आणि उशिरा येणारीला दंड! आमच्या महिला मंडळात हा नियम लावला असता तर हॉलचं भाडं सहज निघालं असतं. त्या वृंदात व्हिएन्नाहून आलेली बेर्टा नावाची एक मुलगी होती. ती त्याला तिच्याकडची नाचाची गाणी म्हणून दाखवायची. पुढे तिचं लग्न झालं, आणि १८६८ मध्ये तिला दुसरा मुलगा झाला तेव्हा ब्राम्सने तिला ती प्रसिद्ध अंगाई लिहून पाठवली. गंमत अशी की वरच्या गाण्याखाली पियानोच्या साथीत त्याने तिच्याच त्या जुन्या गाण्याची लकेर लपवली होती. ती बाळासाठी गाईल आणि तिचं तरुणपण खाली वाजत राहील! पुढल्या वर्षी व्हिएन्नात ही अंगाई मैफलीत गायली गेली, तेव्हा पियानोवर साथीला क्लारा होती.

१८६२ मध्ये ब्राम्स व्हिएन्नाला आला आणि हळूहळू तिथलाच झाला. खरं तर त्याला स्वतःच्या गावी, हॅम्बर्गला, वाद्यवृंदाचं प्रमुखपद हवं होतं. ते दुसऱ्याला मिळालं. हा सल त्याच्या मनातून कधी गेला नाही. आणि पाठोपाठ घराचीच वाताहत झाली.

आईवडील वेगळे झाले. १८६४ साली. आई पंचाहत्तरीला आलेली, वडील अठ्ठावन्नचे. लग्नाच्या वेळी जे सतरा वर्षांचं अंतर गोड वाटलं, ते आता बोचायला लागलं होतं. ती थकलेली, तो अजून धडधाकट, वाद्यवृंदात नव्याने जागा मिळालेली. घरात त्याच्या त्या अवजड बासचा सराव चाललेला कुणाला सहन होईना. एलिझे आईच्या बाजूची. कटकटी वाढत गेल्या. मैत्रिणींनो, समुपदेशनाच्या कामात मी तरुण जोडपी खूप बघते, पण कधीतरी सत्तरीची बाई समोर येऊन बसते आणि म्हणते, आता नाही होत. त्या वेळी काय बोलावं सुचत नाही. योहानेस त्या उन्हाळ्यात व्हिएन्नाहून हॅम्बर्गला धावला, दोघांची समजूत घालून पाहिली, यश आलं नाही. शेवटी वडिलांसाठी वेगळी खोली, आई आणि बहिणीसाठी वेगळं बिऱ्हाड. खर्च दोन्हीकडचा मुलाच्या माथी. त्याने कुणा एकाची बाजू घेतली नाही. दोघांनाही पैसे पाठवत राहिला.

तो व्हिएन्नाला परतला आणि १८६५ च्या जानेवारीत त्याने लिहिले सोळा वॉल्ट्झ. एका पियानोवर शेजारी शेजारी बसून दोघांनी वाजवायचे. सगळे मिळून वीस मिनिटांच्या आसपास. एकेक इवलासा, मिनिट-दीड मिनिटाचा. त्या काळात ना रेडिओ ना ग्रामोफोन. घरी संगीत हवं तर घरच्यांनीच वाजवायला हवं. मध्यमवर्गीय घरात पियानो, आणि त्यावर आई-मुलगी, दोघी बहिणी, नाहीतर ठरत आलेलं जोडपं चार हातांनी वाजवायचं. बोटं एकमेकांवर आदळणार, कोपर लागणार, हसणं होणार. अशा वाजवण्याच्या छापील वह्यांना मोठा खप असे. ब्राम्सने नुकतेच शूबर्टचे बारा लेंडलर संपादित करून छापायला दिले होते. त्या साध्या, गोड नाचांची सावली या सोळांवर आहे. काही ऐटबाज, काही हंगेरीच्या जिप्सींच्या ढंगाचे, आणि पंधरावा तर असा हळुवार की त्यावर कुणी नाचेल असं वाटत नाही. मांडीवर घेऊन डोलावं असाच तो आहे. आज पियानो शिकणारी मुलं सर्रास वाजवतात तो हाच. सोळावा मात्र कारुण्याचा, हळूच मावळणारा. नाचाची वही अशी संपावी, हे जरा नवलच.

वही त्याने अर्पण केली एडुआर्ट हान्स्लिक या व्हिएन्नाच्या बड्या समीक्षकाला. हान्स्लिकलाही आश्चर्य वाटलं. हा गंभीर, उत्तरेकडचा, काहीसा घुमा माणूस, आणि वॉल्ट्झ?

मला वेगळाच विचार छळतो. त्याच जानेवारीत तिकडे हॅम्बर्गमध्ये त्याची म्हातारी आई त्याला एक पत्र लिहीत होती. थकलेला हात, शुद्धलेखनाची बोंब, पण कित्येक दिवस थोडं थोडं करून तिने ते लांबलचक पत्र पुरं केलं. आपलं अख्खं लग्न तिने त्यात मांडलं. मागणी कशी आली, संसार कसा केला, पैसा कुठे गेला, तुझ्या बापाने काय केलं आणि मी काय सोसलं. आपली बाजू मुलाला कळावी एवढीच तिची धडपड. इकडे मुलगा तीन मात्रांचे गोड वॉल्ट्झ लिहितोय, तिकडे आई जन्माचा हिशेब लिहितेय. लोक म्हणतील, योगायोग. असेल.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला तिला पक्षाघाताचा झटका आला. धाकट्याने व्हिएन्नाला तार केली. ब्राम्स मिळेल त्या गाडीने निघाला. पोचला तेव्हा ती गेलेली होती.

तिच्या अंत्यविधीला त्याने वडिलांनाही आणलं, असं सांगतात. व्हिएन्नाला परतल्यावर एक मित्र भेटायला गेला तर हा पियानोवर बाख वाजवत बसलेला. आई गेल्याचं त्याने सांगितलं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण बोटं थांबली नाहीत.

त्यानंतर त्याने मृतांसाठीची मोठी रचना हाती घेतली, 'जर्मन रिक्विएम'. शूमानच्या जाण्याचं दुःखही त्यात आहे असं मानतात. रिवाजाप्रमाणे अशी रचना गेलेल्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करते. याने ती मागे राहिलेल्यांच्या सांत्वनासाठी केली. १० एप्रिल १८६८ ला, गुड फ्रायडेच्या दिवशी, ब्रेमेनच्या कॅथीड्रलमध्ये ती सादर झाली. वडील आलेले होते, क्लाराही होती. सगळ्यांनी वाखाणली. तरी त्याला काहीतरी कमी वाटलं असावं, कारण महिन्याभरातच त्याने आणखी एक भाग लिहून मधोमध घातला. एकाच स्त्रीचा आवाज, आणि आई लेकराला समजावते तसं समजावणं. ज्या वर्षी हा भाग झाला त्याच वर्षी बेर्टाची अंगाई झाली, हे ध्यानात घ्या.

वडिलांनी १८६६ मध्येच दुसरं लग्न केलं होतं. विधवा बाई, या वेळी त्यांच्याहून अठरा वर्षांनी लहान! ब्राम्सने राग धरला नाही. सावत्र आईशी आणि तिच्या मुलाशी त्याचं छान जमलं, वडील १८७२ मध्ये गेल्यावरही तो तिला पैसे पाठवत राहिला. वडिलांची एक गोष्ट सांगतात. निरोप घेताना तो त्यांना म्हणाला की मन उदास झालं तर हेंडेलचं 'सॉल' उघडून बघत जा. बापाने पुढे कधीतरी ते पुस्तक उघडलं, तर पानापानांत नोटा ठेवलेल्या! देताना समोरच्याला अवघडू द्यायचं नाही, ही त्याची जन्माची सवय. बोलणं मात्र फटकळ, कधी कधी अगदी लागेल असं.

वॉल्ट्झने त्याला सोडलं नाही. १८६९ च्या उन्हाळ्यात त्याने 'प्रेमगीतांचे वॉल्ट्झ' केले, गाणारे चौघं आणि एका पियानोवर चार हात. त्या दिवसांत तो बाडेन-बाडेनजवळ क्लाराच्या घराच्या आसपास राहत होता आणि क्लाराची मुलगी युली त्याच्या मनात भरली होती. कुणाला बोलला नाही. त्याच जुलैत क्लाराने आनंदाने सांगितलं की युलीचं एका इटालियन सरदाराशी ठरलं. ब्राम्सचा चेहरा पडला, तेव्हा कुठे तिला उमगलं. सप्टेंबरात लग्न झालं, तीन वर्षांत युली क्षयाने गेली. क्लाराच्या पदरात अशी दुःखं एकामागून एक पडत होती आणि ती बाई कार्यक्रम करतच होती.

व्हिएन्नात १८७१ पासून तो एकाच भाड्याच्या घरात राहिला. मोठा पैसा हाती आला तरी राहणी तीच. पहाटेची कॉफी स्वतःच करायची, दुपारी नेहमीच्या खानावळीत जेवण. पहिली सिम्फनी पुरी व्हायला १८७६ उजाडलं, वय त्रेचाळीस. मनासारखं न उतरलेलं सगळं तो जाळून टाकायचा. वॉल्ट्झचा राजा योहान स्ट्राऊस त्याचा दोस्त. स्ट्राऊसच्या घरातल्या एका बाईने पंख्यावर सही मागितली, तर याने स्ट्राऊसच्या 'ब्लू डॅन्यूब'च्या सुरुवातीचे सूर लिहिले आणि खाली, हे दुर्दैवाने माझं नाही, अशा अर्थाची ओळ लिहून सही केली.

आता दोन पियानोंबद्दल. एका पियानोवर दोघं म्हणजे घरातला मामला. दोन पियानो म्हणजे दोन स्वतंत्र माणसं. आपापली अख्खी पट्टी, आपापली जागा, आणि तरी एका श्वासात वाजवायचं. ब्राम्सला हे आवडायचं. १८७३ च्या ऑगस्टमध्ये बॉनमध्ये त्याने आणि क्लाराने असे दोन पियानोंवर त्याचे हायडनच्या विषयावरचे नवे व्हेरिएशन्स वाजवले. रॉबर्टचं स्मारक व्हावं म्हणून तिथे तेव्हा कार्यक्रम चालले होते. तो चाळीस वर्षांचा, ती चोपन्नला टेकलेली. त्या सोळा वॉल्ट्झनाही त्याने किती रूपं दिली! एकट्याने वाजवायला एक, शिकाऊ हातांसाठी सोपं करून एक, आणि त्यातले पाच निवडून दोन पियानोंसाठी.

२० मे १८९६ ला क्लारा फ्रँकफर्टमध्ये गेली. ब्राम्स डोंगरातल्या इश्ल गावी होता. तार उशिरा मिळाली. तो तसाच निघाला, गाड्यांचा घोळ झाला, जागरणं करत फ्रँकफर्टला पोचला तर तिथला विधी उरकलेला. तसाच पुढे बॉनला. रॉबर्टशेजारी तिला ठेवायचं होतं. तिथे मात्र मूठभर माती टाकण्यापुरता तो पोचला. वय त्रेसष्ट. परत आला तेव्हा चेहरा पिवळा पडलेला लोकांना दिसू लागला. यकृताचं दुखणं होतं. ३ एप्रिल १८९७ ला व्हिएन्नाच्या त्याच भाड्याच्या घरात तो गेला. जवळ घरमालकीण बाई होती. ज्या हॅम्बर्गने त्याला पद दिलं नव्हतं, तिथल्या बंदरात जहाजांनी निशाणं अर्ध्यावर उतरवली.

दोन पियानोंसाठीचे ते पाच वॉल्ट्झ त्याच वर्षी छापून आले. आई गेली त्या हिवाळ्यात लिहिलेला पंधरावा त्यांत शेवटचा आहे.